निखिलचा लॅपटॉप आणि बाळूकाका

आमच्या दक्षिणेतल्या सिरुसेरीच्या आयटी ऑफिसात किस्से फ्रिजमधल्या सांबारासारखे साठतात. टाकवतही नाहीत आणि संपतही नाहीत! त्यात सगळ्यांच्या मशीनवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली आणि आमचे बिल्ड धडाधड पडायला लागले. बिल्ड म्हणजे लिहिलेला कोड जोडून त्याचं चालतं सॉफ्टवेअर करणं. मग काय, रोज नवा तमाशा!

*

सांगलीचा निखिल म्हणाला, "सोप्पंय! सिस्टीम जुनीच आहे असं बिल्डला खोटं सांगू." सांगितलं. बिल्ड पास! लगेच मैसूरपाक मागवला. तो यायच्या आत सॉफ्टवेअर उघडून बघितलं, तर धाडकन बंद. मैसूरपाक मात्र आम्ही सोडला नाही.

*

टीममधल्या सीनियर तुळजाअक्का तंजावरच्या मराठी. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, त्यांनी एकेका लॅपटॉपला चंदन-कुंकू लावलं. मी चिडवलं, "अक्का, यानं बिल्ड पास होणार?"

"अय्यो, होवो न होवो, तुमच्या शिव्या तरी थांबतील!"

खरंच थांबल्या. कुंकू लावलेल्या मशीनला शिव्या द्यायला जीभच रेटेना.

*

मग कळलं, निखिलनं निव्वळ आळसानं आपला लॅपटॉप अपडेट केलाच नव्हता. नीट बिल्ड फक्त त्याच्यावर व्हायचा. आळशी माणूस एका दिवसात हिरो! पण त्याचं लग्न तोंडावर, आणि क्लायंटला सॉफ्टवेअर द्यायचं तेही त्याच दिवशी. मॅनेजर सेल्वी मॅडमनी रजा दिली, पण बजावलं, "लॅपटॉप घेऊन जा. शेवटचा बिल्ड तिथून पाठव. त्यानं अपडेट करू का विचारलं तर नाही म्हण!"

बिचाऱ्यानं इतकं मनावर घेतलं, की आईनं फोनवर "शेरवानी आवडली ना?" विचारलं तरी म्हणाला, "नाही!"

*

सांगलीच्या मंगल कार्यालयात मी आणि अक्का हजर. निखिल अंतरपाटामागे, लॅपटॉप राखायला त्याचे बाळूकाका. अक्षता पडल्या आणि हा मुंडावळ्यांसकट धावत आला. बघतो तर नवी सिस्टीम!

"काका, हे काय केलंत?"

"अरे, सारखं विचारत होतं. लग्नघरात कुणाला नाही म्हणू नये. मी हो म्हणून टाकलं!"

निखिल मटकन खाली बसला. नवरी म्हणाली, "एकदा चालवून तरी बघा," आणि तिनंच बटण दाबलं.

बिल्ड पास! सॉफ्टवेअर उघडलं, चाललंसुद्धा! चूक दुरुस्त केलेलं अपडेट त्याच सकाळी आलं होतं, आणि काकांनी नेमकं त्यालाच हो म्हटलं होतं!

मी सेल्वी मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या,

"निखिलला म्हणावं, महिनाभरानं सावकाश ये. काकांना पाठव!"