हर्षालीच्या गाडीचं दार

फवारणी कुणाकडून करून घ्यावी असं सास्तुरात कुणालाही विचारा, तो आधी महारुद्रचं नाव घेईल. पाठीवर पंप, डोक्याला उपरणं, वाऱ्याकडं पाठ. तुरीच्या ओळीतून तो चालायचा तेव्हा हातातली नळी ओझं नसलेल्या बैलाच्या मानेसारखी डोलायची. पान वरून भिजायचं, खालून भिजायचं, आणि पानाच्या टोकाला थेंब धरला की मगच महारुद्र पुढं सरकायचा. त्याआधी नाही. "पान न्हालं पायजे," म्हणायचा. "अर्धं न्हालेलं पान आन् अर्धं जेवलेलं मानूस, दोन्ही तोंडावर दावतेत."

दुसऱ्यांच्या रानातूनही त्याला बोलावणं यायचं. साठी उलटली तरी हात तसाच होता आणि त्या हाताचा त्याला अभिमान होता. असावाच. ज्याच्या हातात एक काम पुरतं उतरलं आहे, त्यानं मान खाली घालून का चालावं? पण असा अभिमान असला की माणसाला वाटतं, हा हात सगळीकडं चालेल.

महारुद्रचा मुलगा कृष्णराज लातूरला दूध डेअरीत कामाला आहे आणि सून हर्षाली तिथल्याच एका औषधांच्या दुकानात. तिनं आपल्या पगारातून एक जुनी गाडी घेतली. करड्या रंगाची, उन्हात बारीक चमकणारी. चालवायलाही शिकली. कृष्णराजला रविवारी सुट्टी नसायची, म्हणून रविवारी ती एकटीच गाडी घेऊन सास्तूरला यायची. भूकंपानंतर नव्यानं वसलेलं आमचं गाव. गल्ल्या दोरी लावून आखलेल्या. त्यामुळं गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की शेवटच्या घरापर्यंत सगळ्यांना दिसायचं, स्टेअरिंगवर कोण आहे. बायका ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या. गावात मोटारसायकल चालवणाऱ्या पोरी होत्या, पण गाडीतून एकटी उतरणारी सून ही पहिलीच.

एकदा ती म्हणाली, "चला मामा, तुम्हाला शेतात सोडते." सासऱ्याला ती मामा म्हणायची. महारुद्र धोतर सावरून पुढच्या सीटवर बसला. गाडी डांबरी सोडून कच्च्या वाटेला लागली. खड्डा आला की हर्षाली गाडी अशी अलगद उतरवायची, की त्याच्या मांडीवरच्या कासंडीतलं ताकसुद्धा हिंदकळलं नाही. कामातला हात महारुद्रला लगेच ओळखू यायचा. त्याला ते लई आवडलं. पण सुनेला तोंडावर काय सांगायचं, म्हणून तो गप्प राहिला. बांधावर उतरला आणि म्हणाला, "हूं. बरी हाय गाडी."

पुढं दिवाळीच्या आधी एका रविवारी अंगणात गाडी घेताना पुढचं दार गेटच्या लोखंडी खांबाला घासलं. हातभर ओरखडा उठला, खाली एक पोचा आला. हर्षाली उतरली, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि हसली.

"झालं बाई एकदाचं. शिकवणारे सर म्हणायचे, पहिला ओरखडा पडेपर्यंत गाडी दुसऱ्याची असते."

तिची सासू सारजाबाई धावत आली. "तुला तर काय लागलं न्हाय न्हवं?"

"मला काय लागतंय आत्या? राहू दे तो ओरखडा. माझ्या हातचा आहे. मी नाही काढणार."

समोरच्या ओट्यावरून धुरपदाबाई हे सगळं बघत होती. म्हणजे गावानं बघितलं. दुसऱ्या दिवशी पारावर गोरोबानं, महारुद्रच्या लहानपणीच्या सोबत्यानं, तंबाखू चोळता चोळता विचारलं, "काय महारुद्रा, सूनबाई गेट रंगवायला आल्या हुत्या म्हनं?"

"त्यांचं काय चुकलं?" दुसरा एकजण म्हणाला. "बाईमानूस गाडी घिऊन येतंय म्हनल्यावर खांबानं बाजूला व्हायचं न्हाय का?"

सगळे हसले. महारुद्रही हसला. पण घरी येईपर्यंत ते बोलणं ज्वारीच्या कुसळासारखं आत आत शिरत गेलं.

दिवाळी झाली. हर्षाली आणि कृष्णराज तिच्या बहिणीकडं पुण्याला गेले, बसनं. गाडी अंगणात राहिली आणि किल्ली खुंटीवर. महारुद्रनं ठरवलं, ती दोघं यायच्या आत दार नवं करून ठेवायचं. ओरखडाच राहिला नाही तर पारावर बोलायला उरतंय काय?

"ती राहू दे म्हनली हुती," सारजाबाई म्हणाली.

"संकोचानं म्हनली असंल."

शेजारच्या लोहारा गावात शंभुलिंग नावाचा पोरगा कपाटं आणि गेटं रंगवतो. महारुद्रनं त्याच्याकडून हवेचं मशीन आणि रंग मारायची गन मागून घेतली. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून नेलं आणि दुकानात त्याला जुळता रंग कालवून घेतला.

"काका, म्याच येतो की रविवारी," शंभुलिंग म्हणाला.

"तू कशाला? फवारायचंच हाय न्हवं?"

"हे तुरीवानी न्हाय काका. ह्यात थेंब धरू द्यायचा न्हाय. पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा."

"तू जल्मायच्या आधीपसनं फवारतोय म्या."

शंभुलिंगनं हसून मशीन टेम्पोत चढवलं.

सुरुवात महारुद्रनं नेटकी केली. अंगणात सडा मारून धूळ बसवली. काचांवर, चाकांवर जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीनं डकवली. पॉलिश पेपरनं ओरखडा घासून काढला, पोच्यात लांबीची पुट्टी भरली, ती वाळल्यावर परत घासून पत्र्याशी सपाट केली. वरून प्रायमरचा हात दिला. सारजाबाई चूल सोडून बघायला आली आणि "व्हय की, दिसंना झालं," म्हणाली. तिथंच एखाद्या जाणत्याला बोलावलं असतं तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती.

रंगाचा पहिला हात त्यानं शंभुलिंगनं सांगितल्याप्रमाणं पातळ मारला. खालचा प्रायमर डागाडागांनी दिसत राहिला. जन्मभर ज्याला अर्धं भिजलेलं खपलं नव्हतं, त्याला ते बघवेना. पत्रा न्हाला पाहिजे. त्याचा हात मंदावला, गन जवळ गेली, आणि जुन्या सवयीनं तो वाट बघत राहिला, थेंब कधी धरतोय याची. थेंब धरला. पण पानावरून सुटतो तसा तो सुटला नाही. आपल्यामागं जाड ओघळ ओढत दारावरून खाली आला. त्याच्या शेजारून दुसरा आला, मग तिसरा.

महारुद्रनं फडकं थिनरमध्ये बुडवून ओघळ पुसले, तर खालचा प्रायमरही निघाला. परत रंग मारला, परत ओघळला. आता मागचं दार वेगळं दिसायला लागलं, म्हणून त्याच्यावरही थोडा मारला. मग चाकावरच्या पत्र्यावर.

"पुरं करा आता," सारजाबाई म्हणाली. "अवो, थांबा."

तो थांबला नाही. रंग संपला तेव्हा थांबला. कलतं ऊन गाडीवर आलं आणि सावलीत जुळलेला रंग उन्हात जुळेना. सकाळी हातभर ओरखडा होता. आता अख्खी एक बाजू ओल उतरलेल्या भिंतीसारखी झाली होती.

पुण्याहून दोघं आली. हर्षाली गेटातच थांबली. गाडीकडं बघितलं, मग सासऱ्याच्या बोटांकडं. नखांत करडा रंग भरलेला होता.

"मामा, लोक काही बोलले का?"

"कोन बोलतंय? कुनी न्हाय. हाताला काम न्हवतं, म्हून केलं आपलं."

तिला काय कळायचं ते कळलं, आणि तिला कळलंय हे महारुद्रलाही कळलं. समोर धुरपदाबाई ओट्यावर आली होती. हर्षाली आत गेली, खुंटीवरची किल्ली काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"तुम्ही चालवा. माझं डोकं दुखतंय."

त्या दिवसापासून तिनं गाडी चालवली नाही. लातूरच्या गॅरेजात दार नीट करून घेतलं. कुठं काय झालं होतं हे आता दाखवूनही दिसत नाही. कृष्णराजला सुट्टी मिळाली की दोघं येतात, ती शेजारच्या सीटवर असते. कामाला रिक्षानं जाते, गाडी लावायला तिकडं जागा नसते म्हणते. भांडण नाही, अबोला नाही. येते, वाकून नमस्कार करते, मामांच्या गुडघ्याला मलम आणते. ती चार शब्द रागानं बोलली असती तर महारुद्रला सोपं गेलं असतं.

एका सकाळी त्यानं पहार घेतली आणि गेटचा खांब खणायला लागला.

"आन् आता हे कशाला?" सारजाबाईनं उंबऱ्यातून विचारलं.

"गेट रुंद करतो. गाडी सुटसुटीत यील."

"म्हंजी गावाला परत दावायचं, सुनेला जमत न्हाय म्हून खांब काडला."

महारुद्र खाली बसला. खणलेली माती हातानंच परत लोटली आणि पायानं दाबली.

पुढच्या खेपेला हर्षाली आली तेव्हा तो ओट्यावर बसला होता. ती चहा घेऊन आली. सारजाबाई आणि कृष्णराज आत होते.

"हर्षाली, लोक बोलले हुते," तो म्हणाला.

"माहीत आहे मामा."

"आन् म्या तुला 'कुनी न्हाय' म्हनलो."

"तेही माहीत आहे."

चहा निवत होता. महारुद्रनं बशी उचलली आणि परत ठेवली. "तू मला शेतात सोडलं हुतं. खड्ड्यातनं गाडी काडलीस न्हवं, तसा हात लई कमी लोकाचा असतोय. म्या तवा बोललो न्हाय."

हर्षालीनं पदरानं ओट्यावर आलेला चहाचा ओघळ पुसला.

"मला नसतं सांगितलं तरी चाललं असतं," ती म्हणाली. "पारावर त्यांना सांगायचं होतं, मामा. ते हसले तेव्हा."

एवढं बोलून ती कप घेऊन आत गेली.

संध्याकाळी महारुद्र पारावर गेला. तुरीच्या भावाचं बोलणं चाललं होतं. तो मधेच म्हणाला, "गोरोबा, आमच्या हर्षालीचा गाडीवर हात लई चांगला हाय."

गोरोबानं तंबाखू चोळता चोळता मान वर केली. खांबाची चेष्टा त्याला आठवतही नव्हती.

"असंल की," तो म्हणाला. "पर आता कुठं चालवती ती?"