मेथीचे दहा वाफे

आंजी गावच्या शाळेत शिकवायला जाताना रस्त्याकाठच्या मळ्यात एक शेतकरी काका रोज दिसायचे. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात फावडं, नजर पाण्यावर. मनगटाला घड्याळ कधी नव्हतं. वेळ ते मेथीच्या वाफ्यांत मोजायचे. एक वाफा भरायला पाव तास.

एकदा त्यांनी माझी सायकल थांबवली. त्यांची लेक नर्स झाली होती आणि नोकरीसाठी मुंबईहून विमानानं कलकत्त्याला जाणार होती.

"किती टाईम लागते जी, मास्तर?"

"सोळाशेच्या वर किलोमीटर आहे. अडीच तास."

किलोमीटर त्यांनी सोडून दिले. "म्हंजे धा वाफे. आपलं गाव मधातच, पाचव्याले पोरगी आपल्या डोक्यावर."

ती निघणार होती त्या रविवारी सकाळी मीही बांधावर जाऊन बसलो. माझ्या घड्याळात विमानाची वेळ झाली तशी त्यांनी मोटर सुरू केली. पाचवा वाफा भरला, आभाळ कोरंच. सहावाही भरला. सातव्यात पाणी फिरत असताना खूप उंचावर एक पांढरी रेघ सरकू लागली. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली आणि रेघ विरेपर्यंत तशीच धरून ठेवली.

दहावा वाफा भरला. मी मोटर बंद करायला उठलो, तर ते शेजारच्या पडीत जमिनीत फावड्यानं पाण्याला वाट करत होते.

"काका, तिथं काही पेरलेलं नाही."

"नाई पेरलं. पन पोरगी अजून वरच हाये ना."

त्या उघड्या मातीचे दोन वाफे त्यांनी काठोकाठ भरले, आणि मगच मोटर बंद केली.