थकबाकी नसलेलं घर

आमच्या गल्लीत त्यांना सगळे पाकीटमामा म्हणायचे, आणि त्यांच्या शेजारचा न्हावी पाठीमागे पाकीटमार म्हणायचा. त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिलेला नाही. सरळ झाडंच आधी तोडतात म्हणतात, ते मला पूर्वी उगीच जोडलेलं वाक्य वाटायचं. आता वाटत नाही.

मामा छापखान्यात बाइंडर होते. कापून उरलेल्या रंगीत कागदांची पाकिटं चिकटवून ते घरी आणायचे. पगार झाला की संध्याकाळी खाटेवर मांडी घालून पैशांच्या वाटण्या व्हायच्या. भाड्याचं पाकीट, विजेचं, पाण्याचं, गॅसचं आणि घरपट्टीचं. घरपट्टी वर्षातून एकदाच भरायची असते, पण मामा तिचा तुकडा दर महिन्याला बाजूला काढत. ह्या पाकिटातलं त्या पाकिटात टाकायचं नाही, हा त्यांचा कायदा. महिनाअखेरीला चहात दूध नसलं तरी चालेल, पण घरपट्टीच्या पाकिटाला हात लागायचा नाही.

मी समोरच राहते, शिवणकाम करते. एकदा न राहवून मी विचारलं, "मामा, घर मालकिणीचं, मग पट्टी तुम्ही का भरता?"

"तसंच ठरलंय. म्हणून तर भाडं कमी घेते ती."

"आणि आधीच्या भाडेकरूने बुडवलेली? ती पण तुम्हीच भरताय म्हणे."

मामा जरा ओशाळले. म्हणाले, "बिलावर 'मागील बाकी' असं छापून येतं गं. राहतो मी, पत्ता माझा. बघवत नाही मला ते." ती मागची बाकी, दंडासकट, त्यांनी वर्षानुवर्षं थोडी थोडी फेडली. पालिकेच्या खिडकीवरचा कारकूनसुद्धा त्यांना म्हणाला होता की काका, हे मालकाच्या माथी आहे, तुम्ही कशाला मरता. ऐकतील तर मामा कसले!

हे सगळं चाललं होतं ते ताईंसाठी. ताई म्हणजे मामांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात त्यांची नजर गेली, तेव्हा नवऱ्याने त्यांना माहेरी आणून सोडलं, आणि माहेर म्हणजे हा एकटा भाऊ. मामांचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. बहीणभाऊ त्या दोन खोल्यांत म्हातारे झाले.

ताईंना ते घर पाठ होतं. भिंतीचा एक कोपरा टवका उडालेला होता, तो हाताला लागला की स्वयंपाकघर आलं. बाहेरच्या खोलीत एक फरशी हलायची, ती पायाखाली वाजली की दार आलं. ती फरशी नीट बसवायला मामांनी गवंडी आणला, तर ताईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. सकाळी मामा कामावर गेले की नळाचं पाणी भरणं, स्वयंपाक, भांडी, सगळं त्या एकट्या करायच्या. दुपारी उंबऱ्यावर बसून माझ्याशी गप्पा. त्यांच्या खोलीतला दिवा त्यांनीच काढायला लावला होता. "विजेचं पाकीट माझ्यामुळेच फुगतं म्हणे," असं म्हणून स्वतःच हसायच्या. "माझ्यासारखी स्वस्त माणसं घरात पाहिजेत." त्या हसल्या की मामा मात्र मान खाली घालायचे.

मालकीण परगावी राहायची. ती वारली आणि दोन्ही घरं पुतण्याकडे गेली, मामांचं एक आणि त्याला लागून न्हाव्याचं एक. न्हाव्याने घरपट्टीचा एक पैसा कधी भरला नव्हता. पालिकेच्या नोटिसा आल्या की तो त्यांवर वस्तऱ्याचा फेस पुसायचा.

पुतण्या आला, तो चांगल्या कपड्यांतला, गोड बोलणारा. दोन्ही घरांतून फिरला. ताईंच्या पायाही पडला. मग मामांना म्हणाला, "काका, काकूच्या कागदांचा काही ताळमेळ लागत नाही. करांचा बोजा किती आहे देव जाणे. असली लोढणी गळ्यात बाळगण्यापेक्षा विकून मोकळं व्हावं म्हणतो."

त्या संध्याकाळी मामा माझ्याकडे आले तेव्हा चेहऱ्यावर चक्क तेज होतं. न्हावी माझ्या दारात कात्रीला धार आहे का बघत उभा होता.

"बोज्याला घाबरतोय बिचारा," मामा म्हणाले. "बोजाच नाही हे कळलं तर विकेल कशाला? उद्या त्याला घेऊन कचेरीत जातो."

न्हावी कात्री खाली ठेवून म्हणाला, "मामा, पाया पडतो तुमच्या. गप्प बसा. हरवलेत म्हणावं कागद."

"का म्हणून? मी काय चोरी केलीय?"

"चोरी केली असती तर बरं झालं असतं," न्हावी म्हणाला.

मला तेव्हा न्हाव्याचा राग आला. लबाड माणसाला सगळं लबाडच दिसतं, असं मी त्याला तोंडावर सुनावलं. मामा माझ्याकडे कृतज्ञतेने बघून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मीही कचेरीतल्या रांगेत होते, माझी पाणीपट्टी भरायला. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले होते, मागे पुतण्या. खिडकीवरचा कारकून मामांना पाहून अर्धा उठला. पुतण्याला म्हणाला, "असा भाडेकरू दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. मागच्याचीसुद्धा भरलीय यांनी. एक रुपया बाकी नाही."

मामांची छाती फुगली. म्हातारा माणूस, पण शाळेत पहिला नंबर आल्यासारखा उभा होता. त्यांनी मागे वळून मलाही हळूच मान हलवून खूण केली.

पुतण्याने विचारलं, "मग थकबाकी नसल्याचा दाखला आज मिळेल?"

"आत्ता देतो की."

कारकुनाने दाखला छापला, शिक्का मारला आणि खिडकीतून पुढे सरकवला. तो मामांनीच घेतला आणि पुतण्याच्या हातात दिला. पुतण्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "काका, तुमचे उपकार कसे फेडू? गिऱ्हाईक तयारच होतं, नुसतं ह्या कागदापाशी अडलं होतं. शेजारचं घर तर कुणी फुकटही घेणार नाही, एवढी बाकी आहे त्यावर. तुमच्यामुळे सगळं सोपं झालं."

तो मनापासून बोलत होता. मला त्याच्यात शोधूनही दुष्टपणा सापडला नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. मामा काहीतरी बोलायला गेले. "पण ताई..." एवढंच म्हणाले. मागच्या माणसाने पुढे सरका म्हणून त्यांना खांद्याने हलवलं. ते सरकले.

पुढचं काय सांगायचं? घेणाऱ्याला घर रिकामं हवं होतं, भाड्याचा लेखी करार कधीच संपून गेला होता. मामा वकिलाकडे गेले, तर वकिलाची फी ऐकून परत आले, कारण तिचं पाकीट नव्हतं. जवळपासच्या भाड्याला त्यांचा अर्धा पगार गेला असता. शेवटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. न्हावी मात्र अजून तिथेच आहे. सामान निघालं त्या दिवशी त्याने दुकान बंद ठेवलं, सगळी ओझी स्वतः उचलली, आणि मामांच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. जुनं घर दुसऱ्याच आठवड्यात पाडलं.

मी भेटायला गेले त्या दिवशी मामांना सुट्टी होती. दाराला बाहेरून कडी आणि कुलूप दोन्ही बसवलेलं होतं. मामा म्हणाले, "कामावर जाताना लावून जातो. जिना उघडाच आहे ना, कठडा नाही." स्वयंपाक पहाटे उठून तेच करत होते. खाटेपासून मोरीपर्यंत त्यांनी एक दोरी बांधली होती, छापखान्यातून आणलेली. तिला धरून चालायचं, अशी योजना. दोरी तशीच कोरी होती. ताई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि केस विंचरलेले नव्हते. मी आल्याचं त्यांना आवाजावरून कळलं, तरी त्या हसल्या नाहीत.

मी म्हटलं, "ताई, उठा बघू. मी हात धरते. दोन दिवस फिरवते तुम्हाला, बघता बघता पाठ होईल खोली."

"नको गं."

"असं काय करता? ते घर नव्हतं का केलंत पाठ?"

"केलं होतं," ताई म्हणाल्या. "माझं आयुष्य गेलं त्यात. आता हेही पाठ करू, आणि कुणीतरी येऊन म्हणेल, विकलं. नाही बाई. आता मी कुठलंच घर शिकणार नाही."

मामा गॅसपाशी चहा गाळत होते. गाळणी तशीच हातात धरून ते खाटेजवळ आले आणि खाली बसले. एवढा जाणता माणूस, पण लहान मुलासारखा रडत होता.

"ताई, इथली पट्टी मी भरणार नाही," ते म्हणाले. "तुझी शपथ. एक पैसा भरणार नाही. मग तर शिकशील?"

या जागेची पट्टी मालक भाड्यातच धरून घेतो आणि स्वतः वेळेवर भरतो, हे मामांनीच मला जिन्यात सांगितलं होतं.

ताईंनी मामांच्या दिशेने हात पुढे केला आणि म्हणाल्या, "मला मोरीपर्यंत ने."