नदीवर धुतलेला सदरा

पनवेलच्या नदीकाठी आमचा मळा होता. सत्तरच्या दशकात बापाला युरियाचं खूळ लागलं. भेंडी हिरवीगार दिसावी म्हणून तो मुठी भरभरून खत फेकायचा. ते पाण्याबरोबर जमिनीत मुरायचं आणि पाझरून नदीत उतरायचं. दोन-तीन उन्हाळ्यांत नदी शेवाळाने भरली, मासे मेले, पाणी नासलं. बापाला सांगणार कोण? त्याच्यासारखा शहाणा तोच!

एकदा खत टाकून झाल्यावर त्याने आईने नदीवर धुतलेला सदरा अंगात घालायला घेतला आणि हुंगला.

"साधा सदरा पन धुता येत नाय तुला? कुजका वास मारतो त्याला!" असं ओरडत त्याने खताच्या हातानेच तिच्या थोबाडीत दिली.

आईने पदराने गाल पुसला, तर पदराला युरियाचे पांढरे दाणे लागले.