पाटीवरचं नवं नाव

शहापूरजवळच्या आमच्या रोपवाटिकेत आम्ही दोघीच, मी आणि ठकूबाई. तरी वर्षभरात रोपांइतकेच किस्से जमतात. माझं शिक्षण सातवी. पण इंग्रजी अक्षर बघून बघून सुबक काढते, म्हणून रोपांच्या नावांच्या पाट्या माझ्याकडे. माझी सव्वा वर्षाची पिंकी सोबत असते. घरी भाजी भरवली की थुंकते, इथं मात्र दिसेल ते तोंडात घालते. माझं निम्मं लक्ष तिच्या तोंडाकडेच.

*

एकदा कॉलेजच्या मॅडम नवी यादी घेऊन आल्या. म्हणाल्या, झाडांची शास्त्रीय नावं तपासून घेतलीत, काही जुनी आता चालत नाहीत, पाट्या बदला. खैराचं 'अकॅशिया कॅटेचू' जाऊन 'सेनेगालिया कॅटेचू' झालं.

ठकूबाईनं शांतपणे विचारलं, "झाडाला कळवलं का?"

*

भातसानगरच्या एका साहेबांना गेटच्या दोन बाजूंना दोन वेगळी झाडं हवी होती. आमच्या निम्म्याच पाट्या बदलून झालेल्या. त्यांनी एक 'टर्मिनालिया टोमेंटोसा' उचललं, एक 'टर्मिनालिया इलिप्टिका'. दोन्ही आपला ऐनच! पुढच्या वर्षी येऊन म्हणाले, दोन्ही सारखीच कशी दिसतात?

"शेजारी वाढली ना सायब," ठकूबाई म्हणाली, "वळण लागतं."

*

आणि हे परवाचं. ठकूबाई मोटर चालू करायला गेलेली. मी पिशव्यांत माती भरत होते. मागं वळले तर पिंकीच्या तोंडातून हिरवी लाळ! मॅडमनी स्वतः पेरलेला छोटा ट्रे रिकामा. एक रोप शिल्लक नाही, नुसती पाटी. माझ्याच अक्षरात, 'सेन्ना टोरा'.

रोपवाटिकेच्या वहीत प्रत्येक शास्त्रीय नावापुढे मराठी नाव आहे. पण वही जुनी, त्यात सेन्नाच नाही. पिंकीच्या तोंडात बोट घालून पानांचा लगदा काढला आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, सेन्ना टोरा विषारी असतं का? पिंकीनं खाल्लं."

त्या म्हणाल्या, घाबरू नका, पाणी पाजा, आणि वहीत 'कॅसिया टोरा' बघा, तेच त्याचं जुनं नाव.

ओळीवरून बोट फिरवत गेले. सापडलं. कॅसिया टोरा: टाकळा.

पावसाळ्यात आम्ही एक दिवसाआड भाजी करून खातो तो टाकळा! मी तिथंच मातीत बसले आणि रडू फुटलं.

ठकूबाई आली. पिंकीनं टाकळा खाल्ला, एवढं मी रडतरडत सांगितलं. तिनं रिकामा ट्रे पाहिला, पिंकीला पाहिलं, मग मला.

"पोर भाजी खात नाय म्हणून रोज रडतेस ना गो? उद्यापासून ताटात पाटी खोचून वाढ."