गोड येईपर्यंत बसायचं

रोज दिवा लावून झाला की मी वही उघडते. एरवी चार ओळींत दिवस मावतो: काय शिजवलं, कोण आलं, देवाकडे काय मागितलं. कालचा दिवस चार ओळींत बसायला तयार नाही, म्हणून आज भाजी चिरायच्या आधीच लिहायला घेतलं आहे. लिहायचं आहे ते आमच्या भाऊजींबद्दल.

भाऊजी म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेचे यजमान. नणंदेला घरात सगळे मैना म्हणतात. ती चष्म्याच्या दुकानात बसते आणि दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते. भाऊजी धंद्यानं कुलूपवाले. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. रस्त्यानं चालताना दिसेल त्या कुलपाला हात लावून बघतील. एकदा लग्नघरी गेलो तर सगळे नवरानवरीला बघत होते आणि हे दाराच्या बिजागरीला. माणसं त्यांना नावानं आठवत नाहीत, किल्लीनं आठवतात. "ते तीन दात्यांचे गृहस्थ" म्हणाले की समजायचं, कोपऱ्यावरचे डॉक्टर.

लोकांच्या दारांवर त्यांच्या फोन नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. फोन आला की ते तीन प्रश्न विचारतात. आत मूल आहे? आत आजारी माणूस आहे? शेगडी चालू आहे? तिन्हीला 'नाही' उत्तर आलं तर खरं म्हणजे काम थांबू शकतं. पण भाऊजी थांबत नाहीत. "वहिनी, आपल्याच दाराबाहेर उभं राहिलेलं माणूस फार बिचारं दिसतं हो," म्हणतात आणि पायात चपला सरकवतात.

ह्या दोघांची ओळखही दारातूनच झाली. बारा वर्षांपूर्वी मैना आमच्याकडे राहायची. एका दुपारी न्हाणीघराच्या दाराचं कुलूप अडकलं आणि ती आत राहिली. मी कुलूपवाल्याला बोलावलं. आला तो तेव्हाचा काटकुळा मुलगा, खांद्यावर त्याच्याहून जड पिशवी. वहीत वेळ लिहिलेली आहे: आले चार दहा, दार उघडलं पाच पंचवीस. सव्वा तास. मी दोनदा चहा दिला. दुसऱ्या चहाच्या वेळी पाहिलं तर चारही स्क्रू कधीचे काढून बशीत ठेवलेले, आणि हे महाशय एका हातानं दार धरून आतल्या मुलीला विचारतायत, "खिडकीतून काय दिसतं तुम्हाला?" वहीत लिहिलं आणि वही मिटली. बारा वर्षांत ती गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. यांनाही नाही, आणि यांना न सांगता मी मिठाची पुडीसुद्धा आणत नाही.

तर तो दिवस ही दोघं दरवर्षी साजरा करतात. लग्नाचा नाही, दाराचा. सकाळी भाऊजी माझ्या ओव्हनशी लोण्याची बिस्किटं करतात, किल्लीच्या आकाराची. कणीक लाटून सुरीनं एकेक दाता कापतात. मी एकदा म्हटलं, "एक साचा करा की, पटापट होतील." तर म्हणाले, "दोन किल्ल्या सारख्या असून कसं चालेल, वहिनी?" मी संत्र्याचा केक करते. संध्याकाळी दोघं बाहेर जेवायला जातात.

जेवायला जातात, जेवून येत नाहीत. पहिल्या वर्षी सूप येण्याआधी फोन आला. चौथ्या वर्षी पाव मोडता मोडता उठले. सातव्या वर्षी गाडी मुख्य जेवणापर्यंत पोचली. मागच्या वर्षी तर आइस्क्रीम मागवलं होतं. ते वितळून वाटीत पाणी झालं, तेव्हा मैनानं पिशवीत जेवण बांधून घेतलं आणि एकटी घरी आली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "वहिनी, आणखी एकदा जाईन. गोड येईपर्यंत बसला तर बसला. नाहीतर पुढच्या वर्षीपासून आपलं घरचं टेबल बरं. वेटर माझ्याकडे असं बघतो, जणू मला कुणी सोडून गेलंय."

मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी देवापुढे बसून सांगून टाकलं, ह्या दोघांचं एक जेवण शेवटच्या घासापर्यंत होऊ दे, तोपर्यंत चहात साखर घालणार नाही. वर्षभर कडू चहा प्यायले. देवाला माझी किती आवड आहे माहीत नाही, पण मला साखरेची भयंकर आहे.

काल संध्याकाळी भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून खाली आले. फोन माझ्या हातात दिला, पिशवी माझ्या पायाशी ठेवली.

"आता मी नुसता माणूस," म्हणाले. हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळेना.

मैना मागून निळी साडी सावरत आली. "वहिनी, फोन आला तर सांग, गावाला गेलेत."

"मी खोटं बोलणार नाही."

"मग उचलू नकोस."

"घरात असून नसल्याचं दाखवायचं? तेही खोटंच."

"तुझ्या देवाला एका संध्याकाळची सुट्टी दे."

"तो घेत नाही," मी म्हटलं. "पण तू जा. मी बघते."

समोरच्याच हॉटेलात टेबल ठरवलं होतं. आमच्या गॅलरीतून त्याची काच अगदी समोर दिसते. मैनानं युक्ती केली: भाऊजींना रस्त्याकडे पाठ करून बसवलं आणि स्वतः समोर बसली. मी हात जोडले आणि म्हटलं, देवा, दीड तास गावातल्या सगळ्या किल्ल्या ज्याच्या त्याच्या खिशात ठेव.

सात मिनिटांत फोन वाजला.

निवृत्त गणिताचे मास्तर होते. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आले आणि मागे दार लागलं. मी घसा साफ करून विचारलं, "आत मूल आहे? आजारी माणूस आहे? शेगडी चालू आहे?"

"मी एकटा राहतो. आणि शेगडी मला पेटवता येत नाही. आपण कोण?"

"ते जेवायला बसलेत. नऊला मोकळे होतील. तोवर माझ्याकडे या, खायला आहे."

मास्तर आले. एका पायात सपात, दुसऱ्यात चप्पल. पाठोपाठ इस्पितळातली नर्स. तिची किल्ली लॉकरमध्ये राहिली होती आणि लॉकरची किल्ली घरात. मास्तर म्हणाले, "हे उदाहरण मी परीक्षेत घातलं असतं." तिसरी आली फुलवाली. तिच्या दुकानाचं कुलूप लागेच ना, म्हणून तिनं शेजारच्याला राखणीला बसवून गाठलं मला. तिघांनाही तेच तीन प्रश्न, तिघांचीही तीच उत्तरं. मी मनात म्हटलं, देवा, मी नको म्हटलं ते तू बरोबर ऐकलंस.

तिघांना काय चाललंय ते सांगितलं. बारा वर्षं, वितळलेलं आइस्क्रीम, माझा चहा, सगळं. नर्सनं बशीतली बिस्किटाची किल्ली उचलून दाता चावला आणि म्हणाली, "मग बघायला नको का? कुठे बसलेत?"

आम्ही चौघं गॅलरीत गेलो.

इथे त्या दाराबद्दल सांगायला हवं. गॅलरीचं दार वाऱ्यानं आपटायचं म्हणून भाऊजींनीच त्याला स्प्रिंगची कडी बसवून दिली. दार लोटलं की आपोआप लागते आणि उघडते ती फक्त आतून. तेव्हाच बजावलं होतं, "वहिनी, गॅलरीत जाताना दारात काहीतरी अडसर ठेवत जा." मी लाकडी स्टूल ठेवते. तीन वर्षांत एकदाही विसरले नाही.

"सूप आलं," फुलवाली म्हणाली.

"दोन वाट्या," मास्तर डोळे बारीक करून म्हणाले.

"तो हात खिशाकडे नेतोय बघा. फोन शोधतोय."

"फोन माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "शोधू दे."

सूप संपलं. पाव संपला. वेटर मोठी ताटली घेऊन आला तेव्हा नर्सनं माझा दंड धरला. भाऊजी एकदा अर्धवट उठले. आम्ही चौघं कठड्यावर वाकलो. तर त्यांनी नुसता हातरुमाल उचलला आणि परत बसले. मास्तरांचा गुडघा दुखायला लागला होता. आणि मी, घरी आलेलं माणूस उभं राहिलेलं मला बघवत नाही, म्हणून पटकन वाकून स्टूल ओढलं आणि म्हटलं, "बसा ना."

मागे टक्क असा आवाज झाला.

मास्तर बसले. बसल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं आणि परत उठले, जणू उठल्यानं दार उघडेल. फोन आत ओट्यावर. पिशवी आत. बाहेरच्या दाराची किल्लीही आत. कुलूपवाल्याची वहिनी तीन अडकलेल्या माणसांना घेऊन स्वतःच अडकली होती. नर्सला हसू आवरेना. ती कठडा धरून खाली बसली. फुलवाली म्हणाली, "हाक मारू? समोरच तर आहे. एका हाकेत येईल."

"एका हाकेत येईल म्हणूनच मारायची नाही," मी म्हटलं. "गोड यायचंय अजून."

"आत मूल आहे?" मास्तरांनी गंभीरपणे विचारलं.

"नाही."

"आजारी माणूस?"

"नाही. हे छापखान्यात दुसऱ्या पाळीला आहेत."

"शेगडी?"

"केक झाल्यावर बंद केली."

"मग काम थांबू शकतं," मास्तर म्हणाले आणि पुन्हा स्टुलावर बसले.

तेवढ्यात समोर मैनानं वर पाहिलं. तिचं बघणं भाऊजींच्या खांद्यावरून सरळ आमच्यावर. गॅलरीत चार माणसं, मागे बंद दार. मी दोन्ही हातांनी खूण केली: खा, खा. नर्सनं चमच्यानं खायची खूण केली. मास्तरांनी नमस्कार केला. मैना क्षणभर बघत राहिली, मग मान खाली घालून जेवायला लागली. मला वाटलं, तिला वाटलं असेल आम्ही हात हलवतोय. जीव भांड्यात पडला.

आतून फोन वाजला. वाजत राहिला. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. बंद झाला. मी मनात त्या माणसाची क्षमा मागितली आणि त्याची शेगडी बंद असू दे अशी प्रार्थना केली.

मग गोड आलं. वाटीत काहीतरी पांढरं, वर लाल. भाऊजींनी मोजून चार घासांत संपवलं. पण मैना. काय सांगू. चमच्याच्या टोकावर येईल तेवढंच उचलायची, त्याकडे बघायची, खायची, चमचा ठेवायची. भाऊजींना काही सांगायची, ते हसायचे. पुन्हा चमचा. वारा सुटला होता. फुलवालीनं पदर डोक्यावरून घेतला. "बाई ते खातेय की त्याला चष्म्याचा नंबर काढून देतेय?" ती म्हणाली. शेवटी वाटी रिकामी झाली. भाऊजींनी ती वाकडी करून तळाशी उरलेलंही खरवडून खाल्लं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळे मिटून हात जोडले.

मैनाकडे आमच्या घराची किल्ली असते. दार उघडल्याचा आवाज आला, दिवा लागला आणि गॅलरीच्या दारापाशी पावलं थांबली.

"वहिनी?" आतून भाऊजी. "तुम्ही बाहेर काय करताय?"

"मास्तरांना स्टूल दिलं."

मग त्यांचा आवाज, अगदी कामाचा. "किती जण आहात?"

"चार. तिघं तुमचीच गिऱ्हाइकं आहेत."

"कधीपासून?"

मी उत्तर द्यायच्या आत मैना म्हणाली, "मुख्य जेवण आलं तेव्हापासून."

"तुला काय माहीत?"

"मला दिसत होतं. दार लागलेलं होतं आणि चौघं बाहेर."

"आणि तू बोलली नाहीस? अर्धा तास? एका सेकंदाची कडी आहे ती."

"तुझं तरी पाच मिनिटांचं काम होतं," मैना म्हणाली. "तू सव्वा तास लावला होतास."

दाराच्या पलीकडे भाऊजींनी असा एक आवाज काढला, जो मी बारा वर्षांत ऐकला नव्हता. बहुतेक लाजले. मी दाराला कान लावूनच उभी होते. म्हणजे तिला ठाऊक होतं. मी एवढी वर्षं पोटात ठेवलं, आणि ती त्यावर संसार करून बसली होती.

"कुणी सांगितलं?" भाऊजींनी विचारलं.

"स्क्रू बशीत टाकताना वाजतात. चार वेळा वाजले. मी मोजले. आणि मी तरी कुठे म्हटलं, उघड म्हणून?"

"अहो," बाहेरून फुलवाली म्हणाली, "तुमचं पटकन आवरा. माझं दुकान उघडं आहे."

कडी मैनानं उघडली.

भाऊजींनी आधी फोन पाहिला, त्या चुकलेल्या नंबरावर लावला, तीन प्रश्न विचारले. कुणाची तरी आत्या होती. किल्ली चोळीतच सापडली होती. मग पिशवी खांद्यावर घेतली. मी केकचे तुकडे कागदात बांधून दिले, बिस्किटाची किल्ली तर बशीत एकच उरली होती. मैना वर जाऊन पाय धुऊन झोपेल असं मला वाटलं. तिनं कोनाड्यातली विजेरी उचलली.

"तू कुठे?" भाऊजी म्हणाले.

"उजेड धरायला. एवढी वर्षं आतून ऐकलं, एकदा बाहेरून बघू दे."

निळ्या साडीत ती पुढे, मागे पिशवी घेतलेले भाऊजी, त्यांच्या मागे मास्तर, नर्स आणि फुलवाली, कागदातला केक खात. जिन्यात मास्तर विचारत होते, "गोड काय होतं पण? आम्हाला वरून नीट दिसलं नाही." त्यावर भाऊजींनी काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, नुसता सगळ्यांचा हसण्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जात राहिला.

मी स्टूल परत गॅलरीच्या दारात ठेवलं. चहाचं आधण ठेवलं आणि साखरेचा डबा खाली काढला. वर्षभरात झाकण घट्ट बसलं होतं. कपड्यानं धरून उघडलं. तीन चमचे घातले, मग देवाकडे बघून चौथा. शेवटची किल्ली बुडवून खाल्ली. चहा इतका गोड झाला होता की दातांना झिणझिण्या आल्या. पूर्ण प्यायले, आणि कपाच्या तळाची साखर चमच्यानं खाल्ली.