घर कुणी बघितलंय?

कासारीण मावशी नवरीचा हात हातात घ्यायची आणि बांगडी चढवण्याआधी विचारायची, "घर कुणी बघितलंय?" उत्तर मिळेपर्यंत हात सोडायची नाही. लग्नघरात तिच्याइतकी नकोशी बाई दुसरी नसेल. पण हिरवा चुडा भरल्याशिवाय आमच्याकडे नवरी बोहल्यावर चढत नाही, म्हणून तिला टाळताही यायचं नाही.

आधी ती असं विचारत नव्हती. नामांतरावरून जाळलेली वस्तीवरची घरं नुकती पुन्हा उभी राहत होती, तेव्हा तिथल्या सरूला लांबच्या मुलखातलं स्थळ आलं. हुंडा नको, लग्नाचा खर्चही मुलाकडचाच. मुलाचं घर बघायला जायची रीत आहे, पण एवढ्या लांब कोण जाणार? मावशीनेच सरूला चुडा भरला. पुढे पत्र नाही, निरोप नाही. बाप पत्ता शोधत गेला, तर त्या नावाची गल्लीच नव्हती. त्याच नवरदेवाने नेलेली सोनपेठकडची एक पोर पळून आली, तेव्हा कळलं. तो लग्न लावून पोरी न्यायचा आणि पुढे विकायचा. अशा माणसाला आमच्या गावाने देवमाणूस म्हटलं होतं.

ठाण्यात सोबत चला म्हणून सरूचा बाप आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. माझ्या वडिलांच्या, नानांच्या शब्दाला तेव्हा वजन होतं. पेरणीचे दिवस आहेत, असं नाना म्हणाले. पेरणी कधीच उरकली होती, हे मला बारा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक होतं. शेवटी मावशी गेली त्याच्याबरोबर. दोघांना दिवसभर बाकावर बसवून परत पाठवलं.

तेव्हापासून वालूरच्या बाजारात ती बांगड्या विकायची कमी आणि भांडायची जास्त. हुंडा सोडणारा कशापायी सोडायलाय ते इचारा की, असं बायकांना सुनवायची. पिंगळीच्या स्टेशनवर अनोळखी माणसाबरोबर एखादी पोर दिसली, की सरळ जाऊन तिला गाव विचारायची. लोक तिला सीआयडी म्हणून हसायचे.

सहा वर्षांनी माझं लग्न ठरलं. मी काळी, त्यामुळे हुंडा मागणाऱ्यांनी नानांना जेरीस आणलं होतं. त्यात हे स्थळ आलं. लांबचं, घाईचं, हुंडा नको म्हणणारं. मावशीने माझा हात धरून विचारलं. मी म्हणाले, कुणीच नाही बघितलं. तिने बांगड्या टोपलीत परत ठेवल्या. नाना तिच्या अंगावर धावून गेले, ऊठ म्हणाले. ती उठली नाही.

"ह्या हातानं एक पोरगी दिलीय म्या. दुसरी देणार न्हाई. चला, म्या येते संगं, घर बघू."

मुलाकडचे पाहुणे ऐकत होते. चहा प्यायला म्हणून स्टँडवर गेले, ते परत आलेच नाहीत. लग्न मोडल्याचं खापर मात्र नानांनी मावशीवर फोडलं. वर्षभर आमच्या भावकीत कुणी तिला बोलावलं नाही. तरी ती रोज आमच्याच दारावरून टोपली घेऊन जायची, तेही मुद्दाम ओरडत.

ती गेली तेव्हा गावाने पारावर शोकसभा घेतली. सगळ्यात जास्त वेळ नाना बोलले. मावशीने गावच्या लेकी वाचवल्या, माझी लेक वाचवली, असं म्हणून त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले.

"नाना, सरूचंही नाव घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते सोंग करत नव्हते, त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"कोण सरू?" त्यांनी विचारलं.